प्रिंटर नाही आणि बोंबीलही नाही

बोईसरच्या एका कंपनीसाठी मी कारखान्यांतल्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर लिहितो, तेही नवापूरला घरी, ओटीवर बसून. रोज सकाळी त्याच्या चाचण्या आपोआप चालायच्या आणि लेबल छापण्याची चाचणी हमखास लाल, म्हणजे नापास, व्हायची. माझं डोकं फिरायचं. अरे, प्रिंटर ज्या कारखान्याला हवा तो घेतो, ज्याला नको तो घेत नाही. आमच्या ओटीवर तर तो नाहीच. मग जे मुळात नाही, ते बिघडलं कसं म्हणायचं? शेवटी वैतागून मी लिहून टाकलं: प्रिंटर नसेल तर ही चाचणी वगळायची आणि कारण दाखवायचं.

"तो लाल कुठं गेला?" स्क्रीनकडे बघत बाबांनी विचारलं. पावसाळ्यात मासेमारी बंद, बोट किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली, त्यामुळे बाबा दिवसभर माझ्या मागे उभे. मी त्यांना सगळं समजावलं. त्यांना ते जरा जास्तच आवडलं.

दुपारी आईने विचारलं, "कालवण कसं झालंय?"

"तपासलं नाय," बाबा गंभीरपणे म्हणाले. "कारण, त्यात बोंबील नाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. हे खूळ कुठून आलं ते तिला बरोबर कळलं.

"मग उद्याचं जेवण वगळलं," ती म्हणाली. "कारण, रांधणारी घरात नाय."

आणि सकाळी ती खरंच दातिवऱ्याला मावशीकडे निघून गेली. थंड शेगडीपुढे बाबा उभे राहिले.

"हे वगळलेलं नाय रे," ते म्हणाले. "आपण दोघं नापास हाय."