न लागणारा दाखला

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

नंदुरबारात मी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेत न जाणाऱ्या मुलांचं सर्वेक्षण करायला आम्हाला भाग वाटून देतात. माझ्या भागात मिरचीची पथारी येते — लाल मिरची वाळत घालतात ते उघडं मैदान. कडेला गोणपाटाच्या पालांत मजूर राहतात. जुगनी तिथेच भेटली. नऊ वर्षांची. वडील नाहीत, तोरणमाळकडचं झोपडं पडलं, म्हणून आई तिला घेऊन खाली उतरलेली. दोघी मिरचीचे देठ खुडत होत्या. मला पाहून पोरगी उभी राहिली आणि न विचारताच सातचा पाढा म्हणाली. एकदाही अडखळली नाही.

आई तोडक्यामोडक्या अहिराणीत म्हणाली, "बाई, मन्ही पोरनं नाव लिखी ल्या ना."

मी म्हणाले, "जुन्या शाळेचा दाखला आणा."

इथे जरा थांबते. कारण — दाखला लागत नाही. घर नसो, कागद नसो, मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं, कायदाच आहे तसा. मला माहीत नव्हतं का? अहो, प्रशिक्षणात इतरांना हे समजावून सांगणारी मीच होते!

मग का म्हणाले? कामाचा ताण, फार मुलं, वगैरे — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. खोटं आहे ते. तिच्या अंगाला मिरचीचा ठसका लागेल असा वास येत होता. माझी मुलगी माझ्याच वर्गात होती, आणि वयाप्रमाणे जुगनीही त्याच वर्गात आली असती. ती हिच्याशेजारी बसून शिंकेल, डोळे चोळेल — ते मला नको होतं. इतकंच. इतकं क्षुद्र.

आई खरंच गेली हो. कामावर खाडे करून घाट चढून गेली. परत येऊन म्हणाली, "शाळाले कुलूप व्हतं, बाई. मास्तर भेटना नही." मी मान हलवली, अगदी कळवळून. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. आणि तक्त्यात जुगनीच्या नावापुढे लिहिलं — स्थलांतरित, आढळली नाही. माझ्या भागात शाळाबाह्य मुलं शून्य. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, ते मी हसून घेतलं. लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली.

पुढच्या हंगामात पुन्हा गेले. जुगनी तिथेच. बोटं लाल, सुजलेली. नव्याने आलेली एक बाई आपल्या लेकीचा हात धरून माझ्याकडे यायला निघाली, तर जुगनीनेच तिला अडवलं. "दाखला शे का? दाखला नही ते बाई नाव नही लिखतस." रागाने नाही — माहीतगार माणूस सांगतं तसं. ती बाई लेकीला घेऊन परत खाली बसली. आजूबाजूच्या बायांनीही माना डोलावल्या. साऱ्या पथारीला तो नियम पाठ झाला होता.

'नाही गं, लागत नाही' — एवढंच म्हणायचं होतं. पण मग जुगनीला काय सांगणार होते? ती माझ्याकडेच बघत होती, बरोबर सांगितलं ना, अशा नजरेने. मी हो म्हटलं. तक्ता काढला, शाळाबाह्य मुलांपुढे निरंक लिहिलं आणि खाली सही केली.