निर्गुडीचा अर्क आणि आमची ताई

आनंदाची बातमी नासवण्याची कला जगात कुणाला पूर्ण साधली असेल, तर ती धारच्या माझ्या मावसबहिणीला. ही आमची ताई पीथमपूरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी काचेच्या ताटल्यांत वाढवायच्या, हे तिचं काम. नवऱ्याला ताप आला तर "गोळी घ्या" म्हणून मोकळी व्हायची. पेशी मलूल दिसल्या तर मात्र रविवारीसुद्धा शिफ्टची बस धरायची. देवासला एका मुंजीत माझी आई सहज म्हणाली, "निर्गुडीच्या पाल्यानं गुडघ्यांची सूज उतरली बाई." ताईनं हातातली जिलेबी खाली ठेवली. "मावशी, आता एकाच गुडघ्याला पाला बांध. दुसरा तसाच ठेव. मग बोलू." आई बिचारी आठवडाभर विज्ञानासाठी लंगडली.

पुढे तिच्या कंपनीनंच निर्गुडीच्या अर्काचं औषध काढायचं ठरवलं. ताईनं पेशींना आधी डिवचलं, मग त्यांच्यावर अर्क घातला. डिवचलेल्या पेशी सोडतात ती सूज आणणारी रसायनं एकदम घटली. साहेबांनी ताबडतोब पेढे मागवले. सगळे तोंड गोड करत असताना ताईनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि म्हणाली, "पेढे थांबवा. पेशी मेल्यात."

"लेकिन मॅडम, सूजन तो कम हुई ना?" साहेब म्हणाले.

"सर, मरा हुआ आदमी झगड़ा नहीं करता. उसको शांत स्वभाव का बोलेंगे क्या?"

पेढे घशात अडकलेल्या मंडळींनी तिच्याशी बोलणं सोडलं. तिनं अर्क पातळ करून सगळे प्रयोग पुन्हा केले. या वेळी पेशी जगल्या. सूजही घटली, पण थोडीशी. आता 'थोडीशी' हा शब्द बाटलीवर कोणती कंपनी छापेल? औषध बारगळलं आणि ताईची रवानगी गोळ्यांची पाकिटं तपासायला झाली.

"पहिल्याच निकालावर सही करून टाकायचीस," मी म्हटलं.

"आणि ते कुणाच्या तरी आईच्या पोटात गेलं असतं, त्याचं काय?"

गेल्या हिवाळ्यात धारला गेलो, तेव्हा मावशीची बोटं संधिवातानं पार वाकडी झाली होती. ताई तव्यावर निर्गुडीचा पाला गरम करून एकेका बोटाला हलक्या हातानं बांधत होती.

"फरक पडेल ना गं?" मावशीनं विचारलं.

ताईचा हात क्षणभर थांबला.

"पडेल, आई. नक्की पडेल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पुढच्या बोटाला पाला गुंडाळू लागली.