वर्षातून चार वेळा

सभा किती दिवसांनी भरावी, या एका प्रश्नाने माझं जितकं डोकं खाल्लं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. माझं लग्न ठरवायला आमच्या घरी एक दुपार पुरली होती. इथे चार शहाणी माणसं दोन रविवार घालवून बसली, आणि त्या चारांत मीही होते.

स्वातंत्र्य मिळून पाच-सात वर्षं झाली असतील. गोंदियाला लागून मुर्रीत आम्ही खेड्यातल्या मुलींसाठी वसतिगृह काढलं होतं. भाड्याचं कौलारू घर, बारा खाटा, अकरा मुली. मी शहरातल्या शाळेत मास्तरीण आणि इथली चिटणीस. चिटणीस का, तर माझं अक्षर चांगलं होतं. समितीत आणखी तिघे होते: राईस मिलचे शेठ, तिरोड्याकडचे मोठे धानवाले पाटील आणि एक वकील.

जूनमधल्या त्या रविवारी सभेपुढे एकच अर्ज होता. जंगलपट्टीतल्या एका मुलीचा. बाप जंगलात लाकूड तोडायच्या कामावर जायचा. गावात शाळा नाही, म्हणून पोरगी मामाच्या गावी राहून चौथी पास झाली होती. पाचवीसाठी गोंदियाशिवाय इलाज नव्हता. शाळा उघडायला दोन आठवडे उरलेले. जागा मिळाली तर पाचवी, नाहीतर परत गाव. इतकं सरळ होतं हो सगळं!

पण वकिलांनी संस्थेची घटना उघडली.

"सभा किती दिवसांनी भरावी हे यात लिहिलंच नाही," ते म्हणाले. "म्हणजे ही सभा नियमित नाही. अशा सभेत प्रवेश दिला तर उद्या कोणीही बोट ठेवेल. आधी ते ठरवा."

माझ्या मनात आलं, अहो, मग या अनियमित सभेत हे तरी कसं ठरणार? पण वकील इतक्या ठामपणे बोलले की माझंच काहीतरी चुकत असेल असं वाटून मी ते लिहून घ्यायला लागले. ते कोडं मला आजही सुटलेलं नाही.

शेठ म्हणाले, "हर महीने मिलो, बाईजी. नहीं तो संस्था सो जाएगी."

पाटील उसळले. "दर महिन्याले? अन् रोवण्यात कोण येईन जी? बाया धानाच्या बांधीत सोडून मी इथं चहा प्याले येऊ काय?"

त्यांच्या मते वर्षातून दोनदा पुष्कळ झालं. एकदा रोवण्याआधी, म्हणजे धानाची लावणी सुरू होण्याआधी, आणि एकदा धान घरात आल्यावर. बाराचे दोन, दोनाचे सहा, सहाचे पुन्हा बारा. मी लिहीत होते आणि खोडत होते. शेवटी चहा संपला, "पुढच्या रविवारी ठरवू" म्हणून सगळे उठले.

अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बाप आणि मुलगी बसली होती. सगळे गेले तरी ती दोघं उठेनात.

"पुढच्या रविवारी या आता," मी सांगितलं.

"सभा उठली काय जी?"

"उठली."

"अन् पोरीचं?"

"ते राहिलं."

तो हसला. मी चेष्टा करते आहे असं वाटलं असावं. "मंग उठली कशी? थांबली असन." त्यांच्या गावात पंच एकदा बसले की समोरच्या माणसाचं ठरल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही, जेवणसुद्धा तिथेच येतं, हे त्याने मला समजावून सांगितलं. आणि ठरण्याआधी आपणच निघून जाणं म्हणजे पंचांचा अपमान. म्हणून तो आठही दिवस तिथेच राहिला!

माझं डोकंच फिरलं. असं कुठे असतं काय, म्हणून मी त्याला चांगलं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि कुऱ्हाड काढून आमचं सरपण फोडायला लागला. मुलगी बाराव्या खाटेवर निजू लागली, पाऊस लागण्याआधीच घरून परतलेल्या मुलींच्या पंगतीत जेवू लागली. मोठ्या मुली तिला चिडवायच्या, "हिची सभा चालू आहे गं!" तिसऱ्या दिवशी ती माझं वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होती. इतकं स्वच्छ की माझ्या सातवीतल्या मुलींनी मान खाली घालावी.

दुसऱ्या रविवारी शेठ सहावर आले, पाटील दोनावर अडले, आणि वकिलांनी मधले चार काढले. वर्षातून चार वेळा! सगळ्यांना केवढा आनंद झाला. पाटलांची एकच अट, रोवणा आणि कापणी सोडून. म्हणजे पुढची सभा दिवाळीनंतरच्या पुनवेला.

"आणि अर्ज?" मी विचारलं.

"आता पाळी ठरली ना," वकील म्हणाले. "पहिल्या नियमित सभेत पहिलाच विषय घेऊ."

"पण शाळा तर..."

"बाई, नियम तो नियम."

मी मान हलवली. का हलवली? खाट रिकामी होती, मुलगी त्याच खाटेवर निजत होती, तिघांपैकी कोणाचाही तिला विरोध नव्हता आणि घराची किल्ली माझ्या कमरेला होती. बाई गं, तुला झालं होतं तरी काय, असं मी अजून स्वतःला विचारते.

मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मुलीने माझ्या हातातलं रजिस्टर मागितलं. तिने घडाघडा वाचलं, "समितीची सभा वर्षातून चार वेळा भरावी असे सर्वानुमते ठरले." मग पान उलटलं. मागचंही पाहिलं.

"याच्यात मी नाई जी," ती म्हणाली.

"पुढच्या सभेत येशील," मी म्हणाले. बापाने गाठोडं उचललं. सभा उठली हे त्याला आता पटलं होतं.

दिवाळीनंतरच्या सभेत तिचा अर्ज खरोखरच पहिला होता. दोन मिनिटं लागली. खिडकीतून पाहिलं तर मोहाखाली बाप बसलेला, एकटाच. मी धावत बाहेर गेले.

"मंजूर झालं! पोरगी कुठाय?"

"गावात हाय जी. गाव बसलं होतं तिच्यासाठी."

सकाळी बसले आणि दिवस बुडता उठले. गावात वाचता येणारं माणूस एकच, ती. म्हणून घरोघरून तिला धान द्यायचं आणि तिने लहान लेकरांना अक्षरं शिकवायची, असं ठरलं. गावाने ठरवलेलं आता त्याला मोडता येत नव्हतं.

"मंग तुम्ही कायले आले इतक्या दूर?" मी ओरडलेच.

"तुमी बोलावलं होतं ना जी. पंचानं बोलावलं तं यावं लागते."

मला आनंद व्हावा की काय व्हावं, कळेना. अकरा वर्षांची मास्तरीण! लेकरं तिच्याकडे शिकतील, पण तिला पाचवी कोण शिकवणार? मला रडू आवरेना. मी आतून रजिस्टर आणलं आणि तिच्या नावावर बोट ठेवलं. "हे पाहा, आलं नाव."

त्याला वाचता येत नव्हतं. तरी त्याने वाकून बोटाखालची शाई नीट पाहून घेतली.

"सांगतो तिले," तो म्हणाला. "शोधून रायली होती ती."