बंबाला डाग

जगातली कुठलीही वस्तू कधी बिघडतच नाही, अशी पक्की समजूत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. भाऊजी वर्ध्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते, राहायला पिपरी मेघेत, आणि कॉलेजच्या निमित्तानं मीही त्यांच्याकडेच तळ ठोकून होतो. त्यांचं घड्याळ बंद पडत नसे, ते 'दम घेई'. वरण अळणी झालं की 'आज जरा सौम्य हाय' म्हणून भाऊजी दोन वाट्या जास्तच पीत. एकदा सेलूहून येताना एसटी रस्त्यातच धूर ओकत उभी राहिली. सगळे उतारू ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते, आणि भाऊजी बॉनेटपाशी जाऊन मोठ्यानं सांगत होते, "बंद नाई पडली हो, तिले जरा ऊन लागलं!" अख्खी गाडी आमच्याकडे वळून पाहू लागली. मी खिडकीबाहेरच्या शेतातली पऱ्हाटी बघत राहिलो. असल्या माणसाचा मेहुणा म्हणवून घ्यायची मला लाज वाटे.

पण लाजेची कमाल केली ती बंबानं. हा तांब्याचा बंब आमच्या बाबांनी ताईला लग्नात आंदण दिलेला. बाबा सेलूला वांगी-टमाटर पिकवत, पण वस्तूची पारख आपल्यासारखी तालुक्यात कुणाला नाही, हा त्यांचा खरा अभिमान. मांडवात त्यांनी टिचक्या मारमारून तो बंब सगळ्या पाहुण्यांना ऐकवला होता. "नवा कोरा हाय! नातवायच्या लग्नातबी पाणी याच्यातच तापन!" दोन हिवाळे गेले नाहीत तोच बंब बुडाशी गळायला लागला. पाणी निखाऱ्यांवर पडून चर्र होई, न्हाणीत धूर कोंडे आणि आंघोळीला गेलेला माणूस कोरडाच रडत बाहेर येई. भाऊजींच्या मते मात्र बंब गळत नव्हता. "त्याले घाम येते." त्या घामावर ते कधी साबण थापत, कधी कणीक, तर कधी चुना आणि गूळ. ताई म्हणाली, "एकदाचा डाग देऊन आना ना!" की भाऊजी कानांवर हात ठेवत. "मामाजीच्या वस्तूले मी डाग लावू?" भांड्याला डाग देणं म्हणजे झाळणं, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच! मी तो निव्वळ चिक्कूपणा समजत होतो. कुणी पाहुणा डोळे चोळत न्हाणीतून बाहेर आला की मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

अशातच एका थंडीत बाबा लेकीकडे मुक्कामाला आले. सकाळी तेही लाल डोळ्यांनी बाहेर आले. "काऊन जवाईबापू, इतली चांगली वस्तू अशी ठेवता का?" असं म्हणत त्यांनी रस्त्यानं चाललेल्या कल्हईवाल्याला स्वतःच हाक मारली. भाऊजी आडवे आले. "राहू द्या मामाजी, घाम हाय, हिवाळ्यात येतेच!" पण ऐकतो कोण? बंब अंगणात आला. शेजारच्या बायका कुंपणापाशी जमल्या. कल्हईवाल्यानं बंब उलटा केला, बुडाची राख खरवडली आणि म्हणाला, "काकाजी, याले अगोदरचाच डाग हाय, तोच उसवला. कोन्या दुकानदारानं जुना बंब घासूनपुसून तुमच्या गळ्यात..."

बाबांचा चेहरा उतरला. दारात ताई उभी होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माह्या हातून पडलता!" भाऊजी एकदम ओरडले. "डाग मीच लावून आनला. हिले सांगतलं नाई." जन्मात पहिल्यांदाच त्या माणसानं एखादी वस्तू बिघडल्याचं कबूल केलं होतं, आणि तेही खोटं!

ताई कडाडली, "माह्या बाबांचा बंब पाडला? अन् इतके दिवस मलेच घाम घाम सांगून राह्यले?" बाबांनी घसा खाकरला. "होते चूक मानसाच्या हातून," म्हणून जावयाला माफ करून टाकलं. मात्र जेवताना त्यांनी पानावरून मान वर केली नाही.

संध्याकाळी मी भाऊजींना गाठलं. बंब खरंच पडला होता का, असं विचारलं. ते इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "मांडवातच दिसलता मले तो डाग. पन मामाजी इतके खुश होऊन राह्यले होते, कोन बोलनार?" कुठल्याही कारागिराची सावली त्यांनी आजवर बंबावर का पडू दिली नाही, ते मला तेव्हा उमगलं.

आता बाबा नाहीत, भाऊजीही गेले. बंब केव्हाच मोडीत निघाला. ताई मात्र सुनांना अजून सांगते, "तुमच्या सासऱ्यानं माह्या बाबांचा नवा कोरा बंब पाडला, अन् चोरून डाग लावला!" सांगताना हसते आणि मग पदर डोळ्यांना लावते. सुना हसतात. खरं काय ते माझ्या जिभेवर येतं. पण ते बोललो तर भाऊजी सुटतील आणि बाबा सापडतील, आणि ते भाऊजींना मुळीच चाललं नसतं. मी मान खाली घालून त्यांची निंदा ऐकून घेतो. माझ्या बापाची लाज त्या माणसानं आपल्या अंगावर घेतली, ती अजून त्याच्याच अंगावर आहे.