पश्चिमेची खिडकी

लोकांच्या घरातला उकाडा मोजणं हा माझा धंदा आहे. कोणत्या भिंतीतून ऊन आत येतं, कोणाचा स्लॅब तापतो, एसीची हवा कुठून फुकट जाते, हे मी कॅमेऱ्यावर दाखवते आणि वीज वाचवायला घर कसं सुधारायचं ते लिहून देते. लोक मान डोलावतात आणि त्यातलं निम्मं काम करतात. मी सांगितलेलं सगळंच्या सगळं एकाच घरात झालं, आणि ते घर आमचं. आता ते इतकं चांगलं झालंय की मला तिथे बसवत नाही.

कोपरखैरण्यात माथाडी कामगारांना मिळालेल्या बैठ्या घरांच्या ओळी आहेत, त्यातलं हे एक. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जावळीहून आले आणि गुडघे जाईपर्यंत बाजारात पोती वाहत राहिले. घर मिळालं तेव्हा मागे एक मोकळी पट्टी होती. सगळ्यांनी केलं तेच आबांनीही केलं, पट्टी झाकली आणि वर मजला चढवला. खालचं भाड्याने दिलं, वर आम्ही. पण त्यामुळे वरच्या खोलीची मागची भिंत थेट हद्दीवर आली, आणि हद्दीवरची खिडकी उघडायची तर ती मागच्या घराच्या पट्टीवरच उघडणार. मागे राहायचे आबांच्याच हमालांच्या टोळीतले एक काका, पाटणकडचे. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "काढ की. वारं काय माज्या नावावर हाय का?"

काकांनी स्वतःची पट्टी मात्र कधी झाकली नाही. त्यांची वरची खिडकी आमच्या खिडकीच्या बरोबर समोर यायची, मध्ये सात-आठ फुटांची मोकळी जागा. दोघांचे गुडघे सारखेच गेलेले, जिना उतरून ओळीला वळसा घालून जाणं दोघांच्याही जिवावर यायचं. त्यामुळे जे काय ते खिडकीतून. दुपारी तीनला चहा झाला की तिकडून हाक यायची, "हायस का रं?" आणि आबा म्हणायचे, "हाय की. जातूय कुठं?" आबांनी एका बांबूला पोती उचलायचा जुना लोखंडी हूक बांधला होता. त्याला पिशवी अडकवून तंबाखूची पुडी, ठेचा, काकांचा वाचून झालेला पेपर, सगळं इकडून तिकडे जायचं.

आई गेल्यावर आबा माझ्याशी भाजी आणि औषधं एवढंच बोलत. बाकीचं सगळं त्या खिडकीत. टोळीतलं कोण गेलं, कोणाच्या नातवाला नोकरी लागली, गावाकडे पाणी आलं का, हे मला भांडी घासताना पाठीमागून कळायचं. मला त्या खिडकीचा रागच होता. आज कबूल करायला हरकत नाही.

आणखी एक कबूल करते, म्हणजे नंतर मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहणार नाही. आमच्या ओळीत दोन घरांचं बिनसलं की फार आरडाओरडा होत नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो आणि त्या घराकडची खिडकी बुजवतो. बस. मग लग्नाची पत्रिका जात नाही, मयतीला फक्त पुरुष जातात. शाळेत जाता-येता मी भिंतींवरचे वेगळ्या गिलाव्याचे चौकोन बघायची आणि कोणाचं कोणाशी फाटलंय ते मला पाठ असायचं. अशा ओळीत मी वाढले.

गेल्या उन्हाळ्यात आबा भरदुपारी खोलीतच कोसळले. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा तडाखा आहे, या वयात पुन्हा होता कामा नये, खोली थंड ठेवा. एसी लावला की आबा बंद करायचे. "कोंडल्यागत हुतंय," म्हणायचे. म्हणून मी ऑफिसातून कॅमेरा आणला. पडद्यावर थंड ते निळं, गरम ते लाल आणि सगळ्यात गरम ते पांढरं दिसतं. आमचा स्लॅब लाल होता, पश्चिमेची भिंत केशरी, आणि खिडकी तर तापून पांढरी झालेली. एखाद्या गिऱ्हाइकाला दाखवावं तसं मी आबांना दाखवलं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ऊन येतंय खरं. पर त्यो बी तिथनंच येतूय की."

"आबा, तुमचा जीव महत्त्वाचा का गप्पा?"

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात परत दिला आणि मी त्याला होकार धरलं.

खरं म्हणजे खिडकीवर बाहेरून बांबूची चटई सोडली असती तरी बरंचसं काम झालं असतं. ऊन उतरलं की गुंडाळून वर घ्यायची. गिऱ्हाइकांना मी हेच सांगते, साधा उपाय आधी करा. पण चटई काकांच्या पट्टीवर लोंबणार, म्हणजे त्यांना विचारावं लागणार, आणि मला कोणाला विचारायचं नव्हतं. स्वतःच्या घरात मला सगळं पुस्तकाप्रमाणे करायचं होतं.

गावची जत्रा आली. घराच्या कामाच्या धुळीचा त्रास नको म्हणून मी आबांना आठ दिवस गावी पाठवायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी खिडकीतून चूळ भरली ती नेमकी काकांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली.

"डोळं फुटलं का तुजं?" काका खालून म्हणाले.

"वाळवण म्होरं घालावं की. हितं काय खळं हाय का?" आबा म्हणाले आणि खिडकी धाडकन लावली. असं महिन्यातून दोनदा व्हायचं आणि दुसऱ्या दिवशीच्या चहाबरोबर विरघळायचं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आबा एसटीत बसले होते, आणि सकाळी मिस्त्री आला.

गच्चीवर उष्णता अडवणारा थर आणि त्यावर पांढरा रंग, पश्चिमेच्या भिंतीला आतून फोमचे जाड पत्रे आणि गिलावा, खिडकीच्या जागी हलके पांढरे ब्लॉक. मिस्त्री ओळीतल्या कामांना सरावलेला होता. खिडकीला हात घालण्याआधी त्याने विचारलं, "ताई, मागच्या घरी सांगितलंय ना?"

मी हो म्हणाले. ओळीला वळसा घालून काकांच्या दारात जायला पाच मिनिटं लागतात. मी ठरवलं होतं, संध्याकाळी जाईन. वरची शेवटची रांग लावायची राहिली होती तेव्हा समोरच्या खिडकीत काका आले. तीन वाजले होते. हातात वाचून झालेला पेपर होता. मी हात केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेपरची घडी घातली आणि आत गेले. मिस्त्रीने ब्लॉक बसवला. संध्याकाळी मी गेले नाही. दमले होते.

आबा परत आले, खोलीत उभे राहिले आणि खिडकी होती तिथे त्यांनी तळवा टेकला.

"गार हाय," ते म्हणाले. मग, "त्येला काय म्हनलीस?"

"जाऊन सांगते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही. जत्रेच्या प्रसादाचा पुडा घेतला आणि कठड्याला धरून, आडवं होऊन, एकेक पायरी उतरत स्वतः गेले. अर्ध्या तासाने पुड्यासकट परत आले. काकांच्या सुनेनं दारात सांगितलं होतं, झोपलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा झोपलेत. "तीन वाजता त्यो कवा झोपलाय?" एवढंच म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी गेले नाहीत.

मग मी गेले. काका पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. आबांची चक्कर, डॉक्टर, ऊन, कॅमेरा, सगळं मी सांगितलं. माझं चुकलं हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "भिंत तुमची, खिडकी तुमची. पट्टी तेवढी माजी."

दारातच सिमेंटच्या गोण्या रचलेल्या होत्या. काकांचा मुलगा मला सोडायला बाहेर आला. मागची पट्टी झाकून वर दोन मजले चढवायचे, नाहीतर करंजाड्याला फ्लॅट घेऊन निघून जायचं, असा त्याचा हट्ट मला ऐकून माहीत होता. तो रागावलेला नव्हता, उलट हसून बोलला. "तुमची खिडकी मिटंल म्हणून बाबा इतकी वर्षं अडून बसलेले, ताई. आता काय टेन्शन न्हाई."

दिवाळीच्या आधी त्यांची भिंत उभी राहिली, आमच्या भिंतीला चिकटून, आमच्याहून एक मजला उंच. ज्या उन्हासाठी मी खिडकी बुजवली ते ऊन आता आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर पडतच नाही. विजेचं बिल निम्म्याच्या आसपास आलं. ऑफिसात आमच्या घराचे आधीचे आणि नंतरचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवतात. कोणी विचारतं, इथे कोण राहतं? मी सांगते, माझे वडील, खूश आहेत.

दोन-तीनदा मी काकांच्या घरी फोन लावून आबांच्या हातात दिला. सून म्हणायची, बोलत नाहीत ते. भाजीवाल्याकडे तीच एकदा भेटली आणि सहज सांगून गेली की मामंजींना पहिल्या मजल्यावरची मागची नवी खोली दिली आहे, खाट भिंतीलगतच टाकली आहे. मी घरी येऊन आबांची खाट बघितली. तीही भिंतीलगतच होती. म्हणजे दोघं रोज एकमेकांपासून जेमतेम हातभर अंतरावर झोपतात.

मी हे आबांना सांगायला नको होतं. सांगितलं. तेव्हापासून ते दुपारी तीनला बांबूला बांधलेला तो हूक घेऊन भिंतीवर ठोकायला लागले. तीन टोले, मग कान लावून बसायचे. माझ्या पत्र्यांनी ते टोले तिथल्या तिथे गिळले. आवाज जाऊ नये इतकं ते काम पक्कं झालं आहे. पंधरा दिवसांनी त्यांनी हूक माळ्यावर टाकला.

परवा रविवारी ते म्हणाले, "तुजा त्यो कॅमेरा आनतीस का?"

"कशाला?"

"ऊब दिसती म्हनं त्यात. पल्याड त्यो निजलाय का उठलाय, बघू."

असं दिसत नाही हे मला ठाऊक होतं. तरी आणला. भिंतीसमोर धरला आणि पडदा त्यांच्याकडे केला. एकसारखी निळी भिंत. कुठे भेग नाही, डाग नाही. गिऱ्हाइकाच्या घरी अशी भिंत दिसली असती तर मी मिस्त्रीची पाठ थोपटली असती. आबांनी चष्मा पुसला. नीट दिसावं म्हणून ते पुढे झाले, भिंतीवर तळवा टेकून खूप वेळ वाकून बघत राहिले. मग हात काढून मागे सरले, आणि निळ्या भिंतीवर पिवळा पंजा उमटलेला दिसला. पाच बोटं, जाड तळवा.

"ह्यो बघ," आबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम वर गेला होता. "हाय त्यो. हात लावलाय त्येनं."

"तुमचाच हात आहे, आबा. आत्ता टेकला होता ना, त्याची ऊब."

पंजा फिका होत होता. ते बघत राहिले.

"मग त्येचा?"

"त्यांचा इकडे येणार नाही," मी म्हणाले. "मीच तसं केलंय."