समासातलं नाव

“कुठून आलं?”

बाळाचं नाव सांगितलं की त्यांचं पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर थांबायचं आणि हा प्रश्न यायचा. समोरचा माणूस गोंधळायचा. कोणी म्हणे साळवी स्टॉपवरून, कोणी म्हणे सकाळच्या गाडीने दाभोळहून. मग ते चष्म्याच्या वरून बघत. “तुम्ही नाही हो. नाव कुठून आलं?”

आमच्या शेजारी ते तीसेक वर्षं राहिले. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं स्वतःचं नाव मी इथे घालत नाही, त्यांना आवडलं नसतं. कोणी त्यांच्याविषयी चार शब्द चांगले बोलू लागलं की ते चपला शोधायला लागत.

आणि मी म्हणाल तर शिवणारी बाई. कुंच्या, झबली, दुपटी. दवाखान्याकडून येणाऱ्या रस्त्यालाच आमचं घर, खिडकीत कुंच्या टांगलेल्या, त्यामुळे बाळंतिणीच्या घरची माणसं हमखास थांबतात. कुंचीच्या काठावर बाळाचं नाव दोऱ्याने भरून हवं असेल तर तेही करून देते. म्हणजे बघा, नाव कागदावर घालायचं काम त्यांचं आणि कापडावर घालायचं माझं. शाळा माझी सातवीपर्यंत. पण अक्षरं भरून भरून अक्षरांशी मैत्री झाली ती झाली.

संध्याकाळी कचेरी सुटली की ते आमच्या पडवीत चहाला बसत. मालती म्हणून माझी जाऊबाई होती, ती म्हणायची, तुमचे भाऊजी चहा प्यायला येतात की परीक्षा घ्यायला. कारण बसल्या बसल्या पहिला प्रश्न, “वहिनी, आज काय भरलंत?” मी नाव सांगितलं की काखेतली लांबट वही निघायची. तीन रकाने. नाव, कुठून, अर्थ. रद्दीवाल्याकडून आणलेले जाडजाड शब्दकोश त्यांच्याकडे होते. उर्दूचा एक, इंग्रजीचे दोन, आणि एकाची तर पहिली शंभर पानं उंदराने खाल्लेली. त्यामुळे ‘अ’ची नावं आली की त्यांची पंचाईत व्हायची.

एकदा एक जोडपं आलं. फोनवर शोधून नाव आणलेलं, कियान. सोबत मुलाची आजी, हातात पूजेचं ताट असल्यासारखी पिशवी धरून. बापाने ठणकावून सांगितलं की शुद्ध संस्कृत आहे. भाऊजींनी वही उघडली आणि हळूच सांगितलं की हे फारसी दिसतंय, इराणच्या जुन्या राजांशी नातं सांगणारं. आजीचा चेहरा पडला. तिला म्हणाले, “आजी, घरात बटाटा शिजतो ना? तोही समुद्रावरूनच आलाय. राजा आलाय तर येऊ दे की.” आजी हसली, आणि कियान रजिस्टरात बसला.

दुसऱ्या एका आठवड्यात बंदरावरच्या मिरकरवाड्याची एक बाई नातीसाठी मरियम घेऊन आली, आणि दोनच दिवसांनी दवाखान्यातली केरळची नर्स आपल्या मुलीसाठी मारिया. दोन्ही नावं मुळात एकच, यहुद्यांच्या जुन्या भाषेतलं, हे कळल्यावर यांना इतका आनंद झाला की त्या नर्सला त्यांनी मिरकरवाड्याच्या बाईचा पत्ता देऊ केला. अर्थाबद्दल मात्र विद्वानांचं एकमत नाही म्हणाले. कोणी म्हणतं कडू, कोणी म्हणतं लाडकी, कोणी म्हणतं समुद्राचा थेंब. “मी थेंब लिहिलाय,” ते म्हणाले. “बंदरावर राहायचंय तिला.”

आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळची माणसं असतात, तुम्ही पाहिली असतील. त्यातल्या एकीने मुलीचं घरचं नाव कान्छी सांगितलं. म्हणजे धाकटी. मग जेठी, माइली, साइँली अशी सगळी उतरंड तिच्याकडून वदवून घेतली यांनी. बाहेर रांग ताटकळलेली. शिपाई दोनदा डोकावून गेला. संध्याकाळी मला म्हणाले, काय सोय आहे वहिनी, हाक मारली की घरातला नंबरही कळतो.

आणि पीटर. तो तर अर्धा तास चालला. एका सुताराच्या घरी नातू झाला, पीटर नाव. ग्रीक भाषेतलं, म्हणजे खडक. “खडक, वहिनी! ज्याच्यावर घर उभं करावं असा,” म्हणत ते पडवीत येरझाऱ्या घालत होते. चहा निवून वर साय धरली तरी शुद्ध नाही.

असा माणूस. नावाला कधी हसला नाही, कोणाचं नाव कधी बदलायला गेला नाही. एकदाच गेला, आणि तीच गोष्ट मला सांगायची आहे.

त्या दिवशी ते फार खुशीत आले होते. म्हणाले, आज एका पोराला धोंड्याखालून सोडवलं. लांज्याच्या आतल्या एका वाडीतली म्हातारी आली होती. सून इथल्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा मुंबईला हॉटेलात कामाला, म्हणून नाव नोंदवायला ही एकटी. नाव सांगते काय, तर धोंडू. यांनी तिला समजावलं, की बाई, आजच्या काळात हे नाव घेऊन पोरगा शाळेत गेला तर पोरं जगू देणार नाहीत. ओजस ठेवू या. ओजस म्हणजे तेज. म्हातारीने मान हलवली, अंगठा दिला, आणि ओजस कागदावर चढला. मीही म्हटलं, बरं केलंत. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा बरंच वाटलं.

नंतर महिना गेला असेल. खिडकीशी एक बाई उभी राहिली, नऊवारी, पायात रबरी चप्पल, दुपट्यात गुंडाळलेलं पोर खांद्याशी. डोस द्यायला दवाखान्यात आले होते म्हणाली. कुंची हवी होती, लाल.

“नाव घालशील काय, बाय? धोंडू घाल.”

अक्षर नीट उतरावं म्हणून मी कुठे लिहिलेलं आहे का विचारलं, तर तिने चोळीतून घडी घातलेला दाखला काढून दिला. त्यावर ओजस. ही तीच म्हातारी, हे माझ्या लक्षात आलं. मी तिला पडवीत बसवलं, पाणी दिलं. हळूहळू ती बोलायला लागली.

या पोराच्या आधी दोन गेले होते. एक आठव्या दिवशी, एक दीड महिन्याचा होऊन. आता बारशाला पाळण्याभोवती वरवंटा फिरवायची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिच्या घरी या खेपेला वरवंटाच आधी पाळण्यात निजवला. त्याला कुंची घातली, झोका दिला, पाळणा म्हटला, त्याच्या कानात नाव सांगितलं, धोंडू. मग तो काढून त्याच जागी पोर ठेवलं, आणि तेच नाव त्याला दिलं. न्यायला येणारा जो कोणी असेल त्याने पाळण्यात धोंडा आहे समजून परत जावं, म्हणून.

“आनि आता कागदावर दुसरंच लिवलंय,” ती म्हणाली. “सून म्हनते, घरात धोंडू नि सरकारात दुसरा, म्हंजे आपनच सांगितलं की आत पोर हाय. तवापासना ती पोराला हाकच मारत नाय. दूध पाजते, न्हाऊ घालते, पन तोंडातून शब्द नाय.”

मी विचारलं, मग तिथल्या तिथे सांगितलं का नाही?

“सायेब शिकलेला मानूस. चांगल्यासाठीच बोलत हुता. त्याच्या तोंडावर नाय कसं म्हनायचं?”

मांडीवरचं पोर माझ्या कात्रीकडे टक लावून बघत होतं. मी कुंची ठेवून घेतली, आणि नाव भरून गावाला पाठवते म्हणून सांगितलं.

संध्याकाळी ते आले. मी चहा पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. आधी ते चिडलेच. म्हणाले, मी पोराचं भलंच बघितलं, उद्या मोठा झाल्यावर तोच मला दुवा देईल.

मी म्हटलं, “पीटरसाठी तुम्ही या पडवीत नाचलात, भाऊजी. तो खडक आणि हा धोंडा. फरक काय?”

त्यांनी वही उघडून पीटरचं पान काढलं.

“त्या बाईला तुम्ही विचारलंत का, नाव कुठून आलं म्हणून?”

त्यांनी वही मिटली. बशीतला चहा तसाच. “नाही विचारलं,” ते म्हणाले. “विचारायची गरजच वाटली नाही, वहिनी. मला वाटलं, आपल्यातलंच तर आहे, मला माहीत आहे.”

इराणचं नाव असो की नेपाळचं, खोदून खोदून विचारणारा माणूस. आणि इथून दोन तासांच्या एस्टीवर असलेल्या वाडीतलं नाव आलं तर पेन क्षणभरही थांबलं नाही. मलाही तेव्हा हे सुचलं नव्हतं, म्हणून त्यांना दोष देताना माझी जीभ जरा अडखळलीच.

दुरुस्ती सोपी नसते. एकदा घातलेलं नाव कोणाला आवडलं नाही म्हणून बदलता येत नाही, नोंदीत चूक झाली असेल तरच बदलतं. आणि चूक म्हटली की कोणाची, ते लिहावं लागतं. त्यांचे वरचे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, कशाला डोक्याला ताप घेता, अर्जदार बाईने नाव चुकीचं सांगितलं असं लिहा, तिचा अंगठा आहेच. यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने राहिले होते. आणि तुम्हाला म्हणून सांगते, इतक्या वर्षांत यांच्या हातच्या नोंदीला एकही दुरुस्ती लागलेली नव्हती. त्या गोष्टीचा त्यांना फार अभिमान, कधी बोलले नाहीत तरी आम्हाला कळायचा.

दोन दिवस ते चहाला आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते कागद घेऊन. मला वाचून दाखवला. आजीने नाव बरोबर सांगितले होते, मी माझ्या मनाने दुसरे लिहिले, चूक सर्वस्वी माझी. एवढंच. खाली सही. मी विचारलं, साहेब काय म्हणाले? “म्हणाले, शेवटी शेवटी डाग कशाला लावून घेता. मी म्हटलं, डाग लागलाच आहे, तो बाईच्या अंगावर कशाला पुसू?”

मूळ नोंद पुसत नाहीत. तिच्या समासात शेरा मारतात. त्यांच्या त्या देखण्या रजिस्टरात ओजस आहे तिथेच राहिला आणि समासात, लाल शाईने, धोंडू आला. शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यांना खुलासा द्यावा लागला, कोणापुढे तरी उभंही राहावं लागलं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही खोदलं नाही.

निवृत्तीनंतर ते लेकीकडे पुण्याला गेले. तिथेच वारले, त्याला आता दोन वर्षं होतील. शेजारच्या घरात हल्ली बँकेतलं एक जोडपं राहतं, चांगली मुलं आहेत. पण संध्याकाळी सुईत दोरा ओवताना माझे कान अजून त्या फाटकाच्या कडीकडे असतात. आणि ते आठवतात ते त्या वाडीतले. नवा दाखला घेऊन आम्ही दोघं गेलो होतो तेव्हाचे.

फाट्यावर उतरून कातळावरून चालत गेलो. माझ्या पिशवीत लाल कुंची, त्यांच्या खिशात दाखला, आणि वाटेत दर दहा पावलांनी खिसा चाचपणं. म्हातारी खळ्यात भात वारवत होती. हेच ते साहेब, असं तिने सुनेला सांगितलं. सून चोवीस-पंचवीसची, किडकिडीत. तिने पदराला हात पुसून दाखला घेतला. तिला वाचता येत होतं. पहिल्यांदा नुसत्या डोळ्यांनी वाचलं, मग बोट लावून वाचलं. पोर पडवीत गोधडीवर पडलेलं, पाय झाडत.

आम्हाला वाटलं आता ती हाक मारील. म्हातारीही वारवायची थांबली. पण सुनेने वर बघितलं ते यांच्याकडे.

“आधी तुमी मारा हाक, भाऊ,” ती म्हणाली. “तुमी बदललं हुतंत. त्याचं नाव तुमच्याच तोंडून परत येऊ दे.”

आता हजारो नावं लिहिलेला माणूस, पण नावाने पोराला बोलवायचं त्यांना कधी काम पडलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि “धोंडू” म्हणाले. आवाज अगदी कचेरीतला, खिडकीतून पुढच्या माणसाला पुकारावं तसा. पोराने अजिबात लक्ष दिलं नाही. म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. मलाही आवरेना.

मग त्यांनी चपला काढल्या, पडवीत गेले आणि सारवलेल्या जमिनीवर, धुतलेल्या पँटीनिशी, पोराजवळ मांडी घालून बसले. वाकले. “धोंडू,” म्हणाले. थोडं थांबून पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा अगदी कानाशी, बारशाला सांगावं तसं हळू.

पोराने मान वळवली. मागून आई पळत आली आणि तीही त्याला हाक मारू लागली, मोठ्याने, साऱ्या वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, एकामागून एक, थांबेचना.