नानांच्या नळीची दोरी

“…नळी वर सरकलीय गो, आता पोट फाडून…” एवढंच कानावर पडलं आणि लिफ्टचं दार लागलं.

आत शेजारच्या नानी होत्या, फोनवर. अर्धं वाक्य घेऊन गप्प बसणं मला जमत नाही. मी जिन्याने निघाले, मजल्या-मजल्यावर थांबत. विचुंब्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये किस्से असेच साठतात. निम्मा लिफ्ट देते, उरलेला आम्ही घालतो.

*

नाना, म्हणजे नानींचे यजमान, मूळचे करंजा बंदराचे. जन्म होडीवर गेला, आता मुलाकडे राहतात. त्यांचा मुतखडा वाटेत अडकला, म्हणून डॉक्टरांनी किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत मऊ नळी घालायची ठरवली, दोन्ही टोकं वळवलेली. नमुना हातात घेऊन नाना म्हणाले, “डॉक्टर, याला दोरी कुठं हाय? दोरीशिवाय नांगर कोण टाकतो?”

किस्सा बिल्डिंगभर झाला, सगळे हसले. मीसुद्धा.

*

नळी बसवल्याच्या चौथ्या दिवशी नानांच्या कुशीत कळा सुरू झाल्या. एक्स-रे काढला, तर नळीचं खालचं टोक पिशवीत नव्हतंच, वर सरकलेलं. तशीच राहिली तर किडनीला धोका. त्यात नातीची हळद आठ दिवसांवर! नानांनी डॉक्टरांना एकच विचारलं, “हळदीला असेन ना?”

*

इकडे माझं अर्धं वाक्य वर चढत होतं. तिसऱ्या मजल्यावर नळी लिव्हरला लागली, पाचव्यावर काळजात घुसली, आणि तिथून फोनवर करंजाला पोचली. संध्याकाळी करंजाहून टेम्पो भरून नातेवाईक रडत आले. नाना सोफ्यावर पेज पीत बसलेले. त्यांच्या बहिणीने सरळ छातीला कान लावला.

“वाजतंय गो,” ती म्हणाली आणि मग जास्तच रडली.

*

ऑपरेशनला आम्हीही गेलो. डॉक्टरांनी समजावलं, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालायची, बारीक चिमट्याने टोक धरायचं, नळी ओढून काढायची आणि नवी बसवायची.

“म्हंजे गळ टाकणार म्हणा,” नाना म्हणाले.

तासाभराने डॉक्टर हसत बाहेर आले. जुनी निघाली होती, किडनी ठीक होती. नंतर नानांच्या खाटेजवळ जाऊन म्हणाले, “या वेळी दोरी ठेवलीय, नाना.” खरंच, नव्या नळीला बारीक दोरा होता, टोक बाहेर कातडीला चिकटवलेलं.

नाना हसले नाहीत. आम्हा एकेकाकडे नुसतं बघत राहिले.

*

हळदीला नाना आले. नाचायला बंदी, म्हणून खुर्चीत बसून नुसत्या हातांनी नाचले, आणि उभ्या माणसांना लाजवलं. मी नानींच्या शेजारी सरकले. राहवेना, विचारलंच, त्या दिवशी लिफ्टमध्ये पुढे काय म्हणालात?

“पोट फाडून काढायची गरज नाय, असं डॉक्टर बोलले, तेच मी फोनवर सांगत होते,” नानी म्हणाल्या. मग वाटीतली हळद माझ्या दोन्ही गालांना फासली. “नळी सरकली ती खरीच गो बाय. पोट तेवढं तू फाडलंस.”